शनिवारचं लोखंड

४ जानेवारी १९७१
माझ्या ट्रंकेचं दुसरं टोक उचललं आणि घरमालक रंभाजी उंबऱ्यातच बसले. धाप लागली होती. हसून म्हणाले, नर्सबाई घरातच राह्यला आली, आता मला काय हुतंय. खोली छान आहे. खिडकीतून ऊस दिसतो. त्यांच्या बायकोने, भागिरथीबाईंनी, सायीचं दूध दिलं आणि मला लेक म्हणाल्या.

६ जानेवारी
रंभाजींचे कागद पाहिले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आलेली, रक्त अगदी कमी. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या भागिरथीबाईंच्या हाती दिल्या. यात लोखंड असतं, शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही, असं समजावलं. लोखंड? त्यांनी दोनदा विचारलं. मी हो म्हटलं.

१६ जानेवारी
काळं होतंय म्हणाल्या. पाहिलं. डांबरासारखं, चिकट. गोळ्यांचाच परिणाम, असं सांगितलं. त्या समाधानाने हसल्या.

२३ जानेवारी
रंभाजींचे ओठ पिठासारखे पांढरे. गोळ्या देता ना, विचारलं. व्हय बाई, रोज. माझ्याकडे न बघता.

२६ जानेवारी
डॉक्टर येऊन गेले. माझी नोंद वाचून पुढे सरकले. मळ काळा, लोहामुळे. अक्षर माझं.

३० जानेवारी, शनिवार
सकाळी त्यांचा पुतण्या आसाराम शिंगणापूरला निघाला. भागिरथीबाईंनी दिलेली पुरचुंडी अंगणात सुटली. तीळ. खिळे. आणि गोळ्या.
आठवड्याच्या सगळ्या गोळ्या दर शनिवारी शनीला जात होत्या. भागिरथीबाई म्हणाल्या, साडेसातीत लोखंड शनीला द्यायचं आसतं बाई, पोटात न्हाई घालायचं. दिलं म्हणून तर काळं बाहेर पडतंय.
रंभाजींना ठाऊक होतं. म्हणाले, तुमाला वाईट वाटलं आसतं.
एकही गोळी पोटात नाही. मग ते काळं— दोन आठवडे— रक्त. पोटातलं. मी रोज विचारत होते आणि ती दोघं रोज—

संध्याकाळ
रंभाजींना उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी. नाडी धाग्यासारखी. आरोग्य केंद्राच्या जीपला निरोप गेलाय. नगरला रक्त चढवलं तर—
रंभाजी पुन्हा हाक मारतायत. मलाच. बाई म्हणून—

३१ जानेवारी
जीप सकाळी सातला आली. रंभाजी पहाटे गेले. ओसरीवर भागिरथीबाई येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, काळं पडलं तर भ्यायचं न्हाई, आसं आमच्या नर्सबाईच म्हनल्या हुत्या. मी जीप परत पाठवली.