यशोदेच्या ओव्यांची पुस्तिका

३ जानेवारी
बायकोचं वर्षश्राद्ध नऊ फेब्रुवारीला. यशोदेच्या जात्यावरच्या ओव्यांची पुस्तिका त्या दिवशी काढीन, असं मी बाराव्यालाच चारचौघांत बोललो होतो. मी सहसा बोलत नाही, त्यामुळे लोकांच्या चांगलं लक्षात राहिलं. येळ्ळूरचा गड, मार्कंडेय नदी, पोथीतले संत, सगळं तिच्या ओव्यांत होतं. बत्तीस वर्षं ऐकल्या. आठवडाभराचं काम.

६ जानेवारी
नवी वही आणली. समास आखले. अनुक्रमणिका तयार. ओव्या उद्या.

११ जानेवारी, सकाळी ६
पहिली ओवी: ‘गडाच्या पायथ्याला’. पुढचं आठवत नाही. थंडीमुळे असावं.

१५ जानेवारी
पुतण्या नागेंद्र कार्डं छापून घेऊन आला. श्राद्धाच्या खाली ठळक अक्षरांत: ‘आपल्या मराठी मुलखाच्या ओव्या, पुस्तिका प्रकाशन’. विचारायचं तरी, म्हटलं. तो म्हणाला, काका, अडीचशे वाटलीत की! आता मी दुधालासुद्धा मागच्या दाराने जातो. मागच्या गल्लीतही विचारतात.

२० जानेवारी
शेजारच्या रुक्माबाई तिच्याबरोबर दळायच्या. त्यांना विचारणं म्हणजे मदत नव्हे, पडताळणी. म्हणाल्या, जातं फिरल्याबगर ओवी येत न्हाय भावजी, धरा खुंटा. पावशेर जोंधळे दळले. खांदा गेला. ओवी एकही नाही. बाप्यासमोर लाज वाटतीया, म्हणाल्या.

२८ जानेवारी
नवी पद्धत. त्या सोप्यात जात्यावर, मी आतल्या खोलीत दार लावून वहीसह. गड आला, नदी आली, संत आले. पण कन्नडमध्ये. दार उघडून म्हटलं, यशोदेच्या म्हणा. तर म्हणाल्या, तिच्याच की ह्या! हुक्केरीकडची पोर ती, माहेरातनं आणलेल्या. तुमच्या घरात कन्नड चालत न्हाय, म्हणून तुम्ही हापिसाला गेल्यावर मोठ्यानं म्हणायची. तुम्ही घरात असला की नुसती गुणगुण.
तीस वर्षं ऑफिसात कन्नड फायली लिहिल्या. घरात ती भाषा नको, हा माझा नियम. नियम बरोबरच होता.

२ फेब्रुवारी
मार्ग सापडला. मराठीत करून टाकतो, कोणाला कळणार? रुक्माबाई म्हणाल्या, गल्लीतल्या निम्म्या बायकांना पाठ हायत त्या.
वही बंद.

९ फेब्रुवारी
श्राद्ध झालं. पुस्तिका प्रेसमध्ये अडकली, असं जाहीर सांगितलं. प्रेसवाला समोरच्याच पंगतीत होता.
सगळे गेल्यावर रुक्माबाईंना विचारलं, एखाद्या ओवीत मी आहे का. म्हणाल्या, बाई धन्याचं नाव घेत न्हाय भावजी, खूण सांगती. मग भांडी विसळता विसळता एक म्हटली, कन्नडमधलीच. नदीला बोलायला काठ आहे, गडाला वारा आहे, मला उंबरा आहे. धनी घरातच आहेत, पेपराच्या मागे.
वहीत कन्नड अक्षरांतच उतरवून घेतली. अर्थ लिहायची गरज पडली नाही.