बाईंना चुकलं कोण म्हणणार

८ जुलै
पहिला दिवस. वर्गात शिरले तर चौदा मुलं उठून उभी. त्यांना वाटलं, तपासणीला कोणी आलंय. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा एकेक करून बसली. एसी-फ्रिज दुरुस्ती, सहा महिने, अलिबाग. फॉर्मवर वय ४८ लिहिताना पेन नेमकं अडकलं.
मग शिकवणारे सर आले. तुषार म्हात्रे! आमच्याच शाळेचा, सातवी ब. मला बघून पहिलं वाक्य, "बाई, मी काही केलेलं नाही."
सावरल्यावर फळ्यावर लिहिलं: थंडी तयार करता येत नाही, फक्त उष्णता बाहेर काढता येते. लिहून झाल्यावर एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. का कोण जाणे. उतरवून घेतलं. (यापुढे नुसतं तु. लिहीन.)

९ जुलै
ह्यांचं पुन्हा तेच. "शाळा बंद पडली म्हणून कोणी पाने-पकडी हातात घेतं का? शिकवणीचे क्लासवाले दिवाळीपर्यंत तुझी जागा ठेवतायत. बसून शिकवायचं."
मी समजावलं. आपल्या नागावात दर दोन घरांआड होमस्टे, प्रत्येकात तीन-चार एसी, खारा वारा सगळे खाऊन टाकतो, आणि दुरुस्तीचा माणूस येणार पनवेलहून. सासूबाई आतून, "आमचा टीव्ही दोन धपाट्यांत चालायचा. त्याला सहा महिने?"
खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही. चोवीस वर्षं तेच विज्ञान, तेच धडे. आता तोंड उघडलं की माझं मलाच जांभई येते. परत तिथे जायचं नाही.

१८ जुलै
तांब्याच्या नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं. त्याला फ्लेअर म्हणतात. तो नीट नसला तर गॅस गळतो. माझ्या फ्लेअरला केसाएवढी चीर गेलीय असं मला वाटलं. तु. ने उजेडात धरून बघितला. "छान, बाई."
शेजारच्या मुलाचा माझ्याहून बरा होता. त्याला, "हे काय आहे? कापून परत कर."

२ ऑगस्ट
जर्नलमध्ये १०/१०. पुन्हा. मी चोवीस वर्षांत कुणाला दहा दिले नाहीत. जेवताना ह्यांना सांगितलं, मग सासूबाईंना, मग फोनवर बहिणीला. बहीण म्हणाली, "तू मला हे काल पण सांगितलंस."

१४ ऑगस्ट
शेजारचे काशिनाथकाका पाटील कुंपणाशी. त्यांच्या होमस्टेतल्या तीन नंबरच्या खोलीचा एसी बंद, उद्यापासून पुण्याचे पाहुणे. "बाई, तुमी शिकताव ना? मंग बगा की. पनवेलवाला तीन दिवस यायचा न्हाय."
गेले. गंजलेलं तोंड कापलं, नवं फुलवलं, नट आवळला, संस्थेतून मागून आणलेला गॅस भरला. खोली गार! काकूंनी शहाळं दिलं. साबणाचा फेस लावून गळती बघायची असते, ते राहिलं. दहापैकी दहावाल्यांना कशाला फेस.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून येते तर काकांच्या पडवीत पुण्याचे सहाही पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले. गॅस रातोरात गेला. एक आजोबा मला बघून म्हणाले, "ह्याच का त्या?"
लाजेने कुठे बघू कळेना. तु. ला फोन केला. सुट्टी सोडून आला, वीस मिनिटांत दुरुस्त करून निघाला. माझा कापलेला फ्लेअर पटकन खिशात घातला. मी बघितलं. तीच चीर, जुलैपासूनची.

१६ ऑगस्ट
वर्ग सुटल्यावर गाठलं. "दहा का दिलेस?"
"बाई, तुम्हाला चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही."
"का नाही रेटत?"
हातातला पाना पुसायला लागला. मग म्हणाला, "सातवीत तुम्ही सांगितलंत, बर्फाची थंडी पाण्यात जाते. मी म्हटलं, थंडी जात नाही बाई, पाण्याची उष्णता बर्फात जाते. तुम्ही तासभर बाहेर उभं केलंत. उलट बोलतो म्हणून."
मला आठवतच नाही. तो बाहेर उभा आहे एवढं आठवतं. आणि त्याचंच बरोबर होतं. रस्ताभर तेच डोक्यात. फार वाईट वाटलं.

१९ ऑगस्ट
तु. ने पुन्हा "छान" म्हटलं. मी उठले आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. "चुकलं म्हणेपर्यंत आत येणार नाही."
आत कुजबुज. ऑफिसमधल्या मावशींनी खुर्ची आणली, ती परत पाठवली. पाय दुखायला लागले. तासभर म्हणजे किती, ते सातवीतल्या मुलाला विचारायला हवं.
चाळीस मिनिटांनी तु. बाहेर. हातात माझा फ्लेअर. "बाई, हे जरा..."
"जरा काय?"
"बरोबर नाही."
"मुलांना ऐकू जाऊ दे."
"चुकलंय, बाई. कापून परत करा."
सातवीतल्या त्या दिवसाचंही बोलले. "तुझं बरोबर होतं, मी चुकले." मान खाली घालून हसला. आत गेलो दोघं.

२० ऑगस्ट
धरण फुटलं. पाना उलटा धरता, कडा घासत नाही, नट जास्त आवळता, घाई करता. अकरा चुका मोजल्या. ४/१०. इतकंही नको होतं. घरी कुणाला सांगितलं नाही.

३० सप्टेंबर
६/१०. तेहतिसावा फ्लेअर. सासूबाईंनी बाद झालेले सगळे गोळा केलेत, म्हणतात भंगारवाल्याला देऊ.

दिवाळीच्या आदल्या दिवशी
तीन नंबर पुन्हा बंद, आता नळीचं दुसरं टोक गंजलंय. पनवेलवाला फोन उचलत नाही. काका कुंपणाशी नुसतेच घुटमळत. शेवटी काकूंनीच ढकललं. "बोलवा. तिच्याबिगर हाय कोन?"
तोंड कापलं, कडा घासली, फुलवलं. चीर दिसेना. फेस लावून पाव तास डोळे लावून बसले. एक बुडबुडा नाही. तु. ला मुद्दाम बोलावलं होतं. तो बॅटरी मारून सगळीकडून बघत राहिला.
"बरोबर आहे?"
"खोली सकाळपर्यंत गार राहिली तर बरोबर, बाई."
आता हे खरंच ठीक आहे म्हणून, की सणासुदीला बाईंना कशाला चुकलं म्हणा म्हणून? चेहऱ्यावरून कळेना. चोवीस वर्षं पोरांचे चेहरे वाचले आणि ह्याचाच वाचता येत नाही.
सहा वाजता पाहुणे खोलीत गेले. काकूंनी मला पुन्हा शहाळं दिलं. पडवीत मात्र कालची-परवाची वर्तमानपत्रं नीट घडी करून ठेवलीत, सहा.
घरी आले तर हे फोन हातात घेऊन. "क्लासवाल्यांचा आज शेवटचा दिवस. काय सांगू?"
म्हटलं, "सकाळपर्यंत थांबायला सांगा."