आमच्या गरिबीची चौकशी

शुक्रवार पेठ, सोलापूर,
ता. १४ जून १९२८

तीर्थस्वरूप रावजीमामांच्या चरणी भाचा बिरप्पा याचे शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल, वळसंगला तात्या आणि आई खुशाल, आणि मेंढरेही खुशाल आहेत (त्यांच्याविषयी पुढे बरेच लिहायचे आहे). तुमचा गुडघा कसा आहे? जेऊर स्टेशनावर सांधे बदलायला दिवसभर उभे राहता, तेव्हा मामीकडून एरंडाच्या पानांचा शेक घेत जा. विजयमालामामीस नमस्कार. तिने दिलेली शेंगदाण्याची चटणी संपली, हे आपले सहज कळवतो.

मॅट्रिक पास झाल्याचे कार्ड तुम्हाला मिळालेच असेल. आता पुण्याच्या कॉलेजात जायचे मनात आहे. तिथली फी आपल्या आवाक्यातली नाही, पण आमच्यासारख्या गरिबांच्या मुलांची फी सरकार भरते असे मास्तरांनी सांगितले, म्हणून मी अर्ज केला. सरकारने फी भरावी की नाही यावर आमच्या पेठेत दोन तट आहेत. माझ्या खोलीचे मालक रुद्रप्पा म्हणतात, आज एकाची फी भरली की उद्या सगळीच पोरे कॉलेजात जातील आणि माग चालवायला कुणी उरणार नाही. (त्यांचे चारही मुलगे मागही चालवत नाहीत आणि कॉलेजातही जात नाहीत.) आमच्या तात्यांचा मुद्दा तिसराच. "पोरगं माजं, आन् फी सरकारनं का म्हनून भरायची?" तेव्हा मी त्यांना त्यांच्याच धंद्यातले उदाहरण दिले. आपण ज्याच्या रानात मेंढरे बसवतो तो आपल्याला दाणे देतो, कारण खत त्याच्या रानात पडते. तसे मी शिकलो की उपयोग सरकारला, म्हणून दाणे सरकारने द्यायचे. तात्यांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि विचारले, "म्हंजी शिकून तू सरकारच्या रानात बसनार व्हय? आन् आमचं रान?" मी चौकशीचा विषय काढला.

घर खरोखर गरीब आहे की नाही हे पाहायला कचेरीतून कारकून वळसंगला येणार होता. गरीब ठरलो तरच फी मिळेल, हे मी तात्यांना दोनदा समजावले. त्यांनी मान हलवली. पण मामा, तुमच्या दाजींची मान ऐकल्याची खूण म्हणून हलते, पटल्याची म्हणून नव्हे. देणारा घर बघून देतो, हा त्यांचा जन्माचा अनुभव. मुलगी देणारा आधी मेंढरे बघतो, मग भांडी बघतो, मग हो म्हणतो. ज्याच्या घरात काही नाही त्याला मुद्दाम शोधून देणारे कुणी असेल, यावर त्यांचा विश्वास बसेना. पोराला नीट समजले नसेल, असे ठरवून ते आपल्या पद्धतीने तयारीला लागले.

ठरल्या दिवशी कारकूनसाहेबांना टांग्यातून घेऊन मी पोचलो, तर माझेच घर मला ओळखू येईना. दारात पाटलांची घोडी बांधलेली. ओसरीवर तांब्यापितळेची उतरंड. (मोठे घंगाळ शेजारच्या सिद्रामप्पाचे, हे त्यावर कोरलेल्या नावावरून कळले. मी त्यावर माझी टोपी ठेवली.) आईच्या गळ्यात कुणाची तरी पुतळ्यांची माळ होती आणि तुटेल या भीतीने ती एका हाताने माळ धरून दुसऱ्या हाताने वाढत होती. परसात आमच्या चाळीस मेंढरांत आमच्याच गल्लीतल्या कोंडीबाची सगळी मेंढरे मिसळलेली. मेंढरे किती, असे कारकुनाने विचारले. "मोजत न्हाय आमी. मोजली की दिष्ट लागती," तात्या म्हणाले. सरकारला दृष्टीची भीती नसल्यामुळे कारकुनाने स्वतः मोजली. दोनशे बारा भरली.

मग पुरणपोळ्या झाल्या. माणूस भला होता. दुसऱ्या पोळीवर तूप पडल्यावर तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "अहो, तुमचे वडील माझ्या मुलाची फी भरतील काय?" तेवढ्यात कोंडीबा ठरलेले विसरला. ऊन उतरले तशी त्याने गल्लीतून रोजची हाळी घातली, आणि दोनशे बारांतली पुरती एकशे बहात्तर मेंढरे उठून चालू लागली. "चराय निगाली," तात्या शांतपणे म्हणाले. "आणि ही उरलेली?" कारकुनाने विचारले. "त्यास्नी भूक न्हाय."

आठ दिवसांनी उत्तर आले: अर्जदाराचा बाप सधन व आतिथ्यशील असून सरकारी मदतीची गरज दिसत नाही. मी वळसंगला जाऊन तो कागद तात्यांना वाचून दाखवला आणि रागाच्या भरात नको ते बोललो. तुमच्या मोठेपणापायी माझे शिक्षण बुडाले, इथवर बोललो. ते घोंगडी उचलून रानात गेले. आईने मला वाढले, पण माझ्याकडे पाहिले नाही. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही, मामा. त्यांनी सगळे माझ्यासाठीच केले होते ना?

असो. हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी लिहिले, काही मागण्यासाठी नव्हे. कॉलेजाचा नाद मी सोडला आहे. लोभ असावा.

तुमचा,
बिरप्पा

ता. क. नाद अगदीच सोडलेला नाही. एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने आम्ही गरीब असल्याचा दाखला दिला, तर अर्ज पुन्हा घेतात. तुमच्या स्टेशनमास्तरांची सही मिळवाल काय? त्यांनी आमचे घर पाहिलेले नाही, पण ज्यांनी पाहिले त्यांच्यापेक्षा तेच बरे लिहितील. तात्यांना मात्र कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. स्टेशनमास्तरांना त्रास देऊ नका. पाकीट चिकटवण्याआधीच तात्या दारात उभे राहिले. वळसंगहून चालत आले होते. त्यांनी चावडीवर सगळ्या गावासमोर गावच्या मास्तरांकडून कागद लिहून घेतला होता: मेंढरे चाळीस, बाकी कोंडीबाची. घोडी पाटलांची. घंगाळ सिद्रामप्पाचे. मी गरीब आहे, पोराची फी मला झेपत नाही. खाली अंगठा. दाराशी आलेल्याला ज्यांनी कधी नाही म्हटले नाही त्यांचा तो अंगठा, मामा. आम्ही दोघे कचेरीत जाऊन कागद देऊन आलो. बाहेर पडल्यावर त्यांनी विचारले, वाचून झाल्यावर सरकार कागद परत देते का. मी म्हणालो, नाही, तो दप्तरात कायमचा राहतो. पायऱ्या उतरून झाल्यावर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू सायब झालास की तेवडा काडून आन मला."