बाहेरचं कुलूप

प्रिय मितेश,

एकाच घरात राहून बापाने लेकाला पत्र लिहावं, हे बघून तुझी आई कपाळाला हात लावून बसली आहे. काय करणार रे! तोंडाने बोलायला गेलो की तू मोबाइल कानाला लावून अंगणात जातोस, आणि मीही तिसऱ्या वाक्याला ओरडायला लागतो. परवा गोडाऊनच्या कुलपावरून आपलं जे वाजलं, ते पलीकडच्या नलूकाकीनेसुद्धा ऐकलं. कागदावर तरी माझा आवाज चढणार नाही, म्हणून लिहितोय.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. मिठागर गेलं, हातात राहिला एवढासा तुकडा, तिथे तू गोडाऊन उभं केलंस, ट्रक घेतलेस. पेणच्या बाजारात लोक मला मितेशशेठचे वडील म्हणतात, आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू. मग माल चोरीला गेला. आतल्याच कुणीतरी हात मारला, भरपाई तुझ्या डोक्यावर आली. त्यावर तू उपाय काढलास, की काळोख पडला की कामगार आत, शटर खाली आणि बाहेरून कुलूप. मागचं दार तर तू वेल्डिंग करून कायमचंच बंद केलंस. ती परमुलखातली माणसं माळ्यावर झोपतात, आणि बाहेर पडता येत नाही म्हणून आतच, थिनरच्या पिंपांपासून चार हातांवर, गॅस पेटवून भात शिजवतात. तू म्हणालास, बाबा, सगळेच असं करतात. हो रे बाबा, सगळेच करतात. त्या सगळ्यांच्याच शटरांवर मी जन्मभर घण घालत आलो.

घरी मी कधी काही बोललो नाही. तू शाळेत मिरवायचास, माझा बाबा आगीच्या बंबावर, लाल गाडीवर असतो म्हणून. ड्युटीवरून आलो की आई मागीलदारी पाणी काढून ठेवायची, आणि अंग खसाखसा घासल्याशिवाय मी तुला नि मृणालीला जवळ घेत नसे. तुम्हाला वाटायचं, बाबाच्या अंगाला धुराचा वास येतो. नुसत्या धुराचा नव्हता तो, बाळा. पहिली काही वर्षं मीही गुर्मीतच होतो, की आपण शूर, आपण आगीला भीत नाही. मग एक कॉल आला आणि सगळी गुर्मी उतरली. तो आजवर मी कुणाला सांगितला नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. आज तुला सांगतो.

फोमच्या गाद्यांचा कारखाना होता. आम्ही पोचलो तेव्हा जाळ फारसा नव्हता, धूरच धूर. शटरला बाहेरून कुलूप, मालक चावी घेऊन लग्नाला गेलेला. माझा गाडीवरचा जोडीदार दयाराम आणि मी मिळून कुलूप तोडलं, तर शटर वर सरकेना. आतून दाबलं गेलं होतं. कशाने, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. माणूस घाबरला की ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो, शेजारी खिडकी असली तरी ती त्याला दिसत नाही. शटर कापून आत गेलो, तर सगळे कामगार तिथेच, शटरच्या पायाशी, एकमेकांवर पडलेले. अंगावर कुणाच्याही भाजल्याची खूण नाही. एकाच्या बोटांना नखं राहिली नव्हती. त्यांना उचलताना दयाराम मोठमोठ्याने रामनाम घेत होता, आणि मी त्याला गप्प बस म्हणून शिव्या देत होतो.

दुसऱ्या दिवशी मालक आला. मला वाटलं होतं, कोणी तरी राक्षस असणार, त्याचा गळाच धरायचा. कसला राक्षस! तुझ्यासारखाच होता, मितेश. साधा, हाताला पूजेचा धागा बांधलेला, लेकराबाळांचा बाप. ढसाढसा रडत होता आणि एकच सांगत होता, चोरीपायी लावलं हो साहेब, चोरीपायी. मी त्याला पाणी पाजलं. त्याचा चेहरा मी विसरलो होतो. परवा तू अंगणात उभा राहून मला तेच सांगितलंस, अगदी तसंच, तेव्हा तो परत आठवला.

त्या कॉलनंतर मी जो बदललो तो बदललो. मृणालीच्या हळदीला मांडवामागची कनात फाडून मी वाट केली, तेव्हा व्याही मंडळी हसली आणि तू शरमेने लाल झालास. अजून आई कुठल्याही हॉलमध्ये शिरताना मला टोमणा मारते, बघा हो, मागचं दार कुठे हाय ते आधी बघून या. मी खरंच जाऊन बघतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलं असेल. पण मला भीती आगीची नाही वाटत. मला भीती वाटते ती तू कुणासमोर तरी रडत उभा राहशील, आणि कुणीतरी तुला पाणी पाजेल, याची.

तक्रार करायचं मनात आलं होतं. अग्निशमन केंद्रावर सुजित आहे, माझ्याच हाताखाली शिकलेला, आता साहेब झालाय. एका फोनवर आला असता. माझ्या मानाखातर तू कुलूप काढलं असतंस आणि त्याची गाडी वळल्यावर परत लावलं असतंस. तुला मी ओळखतो, माझाच आहेस. म्हणून मी वेगळं ठरवलंय. आईला सांगितलंय, ती दुपारपासून माझ्याशी बोलत नाही. हे पत्र सूनबाई अमिषा तुला देईल ते तू कुलूप घालून घरी आल्यावर, तोवर द्यायचं नाही असं मी तिला बजावलंय. तू शटर ओढलंस तेव्हा मी आत होतो. यापुढे रोज माझं अंथरूण तिथेच, माळ्यावर, त्या माणसांच्या शेजारी. चावी तुझ्या खिशात आहे.

तुझाच,
बाबा