पहिलं नाव कोणाचं

मी, खाली सही करणारा, शिलाई मशीन दुरुस्त करून पोट भरलेला, सातवीपर्यंत शिकलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, नाहीतर नंतर कोणी म्हणेल की म्हाताऱ्याला भ्रम झाला होता. मला कोणी दटावलेलं नाही, गोड बोलून गुंडाळलेलंही नाही. याआधी मृत्युपत्रं लिहून मी फाडून टाकली आहेत. त्यांचे तुकडे कुठे सापडले आणि कोणी जोडून वाचले, तरी ती रद्द समजावीत.

मला दोन मुलं. मोठा मुलगा, सगळे त्याला दादा म्हणतात, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत साहेब आहे. मुलीला आम्ही धाकटीच म्हणतो. ती माझ्याजवळ राहते आणि घरी कपडे शिवते. त्यांची आई गेली तेव्हापर्यंत सगळं बरं होतं. आता दोन वर्षं हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मला घरादाराची काळजी कमी आणि याची जास्त आहे, म्हणून लिहायला बसलो.

कलम एक, घर. राहत्या दोन खोल्या आणि गॅलरी धाकटीला मिळावी. दादाचं स्वतःचं घर आहे, त्याची याला हरकत नाही, तसं तो मला म्हणाला आहे. तरी लिहिलेलं बरं. स्वयंपाकघरातला नळ जोर लावून बंद करू नये, त्याचा वॉशर मी घरीच कापून बसवलेला आहे. गॅलरीतली खुर्ची दादाची. तिच्यात बसून त्याने सगळे अभ्यास केले. ती त्याने घेऊन जावी, किंवा नेऊ नये आणि इथे येऊन बसत जावं. दुसरं केलं तर मला जास्त आवडेल.

कलम दोन, हत्यारं. सगळी पेटी धाकटीला. मशीनचं पोट उघडून परत बंद करणं तिला जमतं. दादाला जमत नाही, त्याला फक्त आख्खी लिफ्ट उघडता येते. लांब दांड्याचा पेचकस पेटीत सापडणार नाही. तो खालच्या बटणवाल्याने "दोन मिनिटांत आणून देतो" म्हणून नेला, तेव्हा त्याचे केस काळे होते. साक्षीदार म्हणून सही तोच करणार आहे, तेव्हा त्याने हे कलम नीट वाचावं.

कलम तीन, बँकेतली ठेव. हे कलम सावकाश वाचावं, कारण मलाच ते समजायला फार वेळ लागला.

दुकान विकलं त्याचे पैसे मी मुदत ठेवीत घातले. व्याज दर महिन्याला धाकटीच्या खात्यात जावं असं ठरवलं, कारण शिवणकाम कधी असतं, कधी नसतं. पावतीवर नावं तिघांची. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "पहिलं नाव कोणाचं?" तेव्हा आम्ही तिघे एकदम म्हणालो, "दादाचं." धाकटी तर सगळ्यात मोठ्याने म्हणाली. आमच्या घरात सगळीकडे असंच. पाण्याच्या बिलावर, दाराच्या पाटीवर, डब्यांच्या झाकणांवरसुद्धा आधी दादाचं नाव. त्यात कोणाला काही वाटत नसे. कारकुनाने लिहिलं आणि शिक्का मारला. पहिल्या नावाने काय होतं, हे त्यानेही एका शब्दाने सांगितलं नाही. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, हेही इथे नोंदवतो.

झालं असं, की बँक व्याजाची माहिती पहिल्या नावावर पाठवते. म्हणजे दर वर्षी ते व्याज दादाच्या पगारात मिळवलं गेलं. पगार मोठा, म्हणून कराचा दरही मोठा. बँकेने थोडं आधीच कापलेलं असायचं, वरचं तो खिशातून भरायचा. व्याज हिच्या खात्यात, कर त्याच्या माथी. तो कधी बोलला नाही. एकदा जेवताना सूनबाईच्या तोंडून निघून गेलं.

धाकटी म्हणाली, "मला आधी सांगायचं नाही का?"

दादा म्हणाला, "तू कधी विचारलंस? पैसे येतात कुठून, जातात कुठे, एकदा तरी?"

"म्हणजे मी तुझ्या जिवावर खातेय असं म्हण ना सरळ!"

"मी तसं म्हटलं का?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या."

ताट तसंच ठेवून ती उठली. त्या दिवसापासून तिने व्याजाला हात लावलेला नाही. ते तिच्या खात्यात पडून आहे आणि त्याच्यावरही व्याज चढतंय. त्याचा कर कोणाला लागतो, या काळजीने मला झोप येत नसे. दादा येतो, माझी औषधं देतो, दारातूनच म्हणतो, "बाबा, तिला सांगा, ही जेवणानंतरची आहेत." ती आतून म्हणते, "बाबा, त्याला म्हणावं, मला वाचता येतं." मध्ये मी. माझी टेलिफोनची तार झाली आहे.

शेवटी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, कराची कामं करणाऱ्या बाईंना मी घरी बोलावलं आणि मुलांनाही. दोघे खोलीच्या दोन टोकांना बसले. बाईंनी पावत्या पाहिल्या आणि पहिलाच प्रश्न केला, "पैसे कोणाचे होते?"

मी म्हटलं, "माझे. दुकानाचे."

"मग व्याज तुमचं उत्पन्न, काका. पावतीवर पहिलं नाव कोणाचं, हे बँकेच्या सोयीसाठी. तुम्ही ते पुढे मुलीला देता, ही तुमची मर्जी."

मी घाबरलो. म्हटलं, म्हणजे इतक्या वर्षांचा कर माझ्यावर? माझी समजूत अशी होती, की व्याज ठरलेल्या आकड्याच्या जरा वर गेलं की सगळ्यालाच कात्री लागते. बाई म्हणाल्या, "तुमची लेक कापडावर खडूची रेघ मारते ना? रेघेच्या आतलं कापड कोणी कापत नाही. वर्षाचं सगळं उत्पन्न एकत्र करायचं, व्याज त्यातच. रेघेच्या आत असेल तर कर शून्य. बाहेर गेलं, तर बाहेर असेल तेवढ्यालाच कर. बँक आधी कापते तो आगाऊ घेतलेला भाग. हिशेबात तो वजा होतो आणि जास्त कापलेला परत मागता येतो. तुमचं तर सगळं मिळवूनही रेघेच्या बरंच आत आहे."

दादाने विचारलं, "म्हणजे कर कोणालाच नव्हता?"

"कोणालाच नव्हता."

मग धाकटी म्हणाली, "बाबा, त्याला विचारा, भरलेले परत मिळतील का?" उत्तर बाईंनी दिलं. अलीकडच्या वर्षांचे मागता येतील, मुदत संपली त्यांचे गेले. दादा उठला, चपला घातल्या, दारात थांबला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "बाबा, येतो."

म्हणून हे कलम. परत मिळेल ती रक्कम दादाची, कारण भरली त्याने. माझ्यामागे ठेव पूर्णपणे धाकटीची. मग पैसे तिचे, व्याज तिचं आणि हिशेबही तिच्याच उत्पन्नात. शिवणकाम धरूनही ते रेघेच्या आतच राहील असं बाई म्हणतात. एखाद्या वर्षी बाहेर गेलं तर बाहेरच्या तेवढ्या तुकड्याचा कर तिने भरावा आणि माझ्यासारखं जागत बसू नये. पडून असलेलं व्याजही तिने वापरावं. ते कोणाच्या जिवावरचं नव्हतं, माझ्या दुकानाचं होतं.

जुनी पावती मोडून नवी करायला दोघांच्या सह्या लागतात, तेव्हा दोघांनी एकाच दिवशी बँकेत जावं. एकाने सकाळी आणि दुसऱ्याने दुपारी, असली हुशारी चालणार नाही. निरोप पोचवायला मी नसेन. नव्या पावतीवर दुसरं नाव दादाचं घालावं, तो कोणी परका नाही. खिडकीतला माणूस विचारेल, "पहिलं नाव कोणाचं?" तेव्हा धाकटीने गप्प राहावं. उत्तर दादाने द्यावं, तिला ऐकू जाईल असं. त्याला वेळ लागला तर तिने वाट बघावी. मागे रांग असली तरी.

वरील सर्व मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि आता फाडणार नाही असं ठरवून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली. पहिल्या ओळीवर कोणी सही करायची यावरून बटणवाला अडून बसला, म्हणे वयाने मी मोठा. बाईंनी हसून पेन त्याच्या हातात दिलं.

सही व डाव्या अंगठ्याचा ठसा: मशीनवाले बाबा

साक्षीदार:
१. खालचा बटणवाला (पेचकस सोबत आणला आहे)
२. वरच्या मजल्यावरच्या कराच्या बाई

ठिकाण: राहतं घर, गॅलरी
दिनांक: ९ ऑक्टोबर, रविवार