टाकीत उतरलेला माणूस

बिलोली,
१७ डिसेंबर २०२४

उज्वला वहिनी,

सप्रेम जय भीम. मी बरा आहे. जळकोटला थंडी वाढली असेल, आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा. लुंबिनीची सहामाही कशी गेली?

सीमेवर आहे असं सांगत होतो, ते खोटं. ऑगस्टमध्येच पलटणीतून निवृत्त झालो. तेव्हापासून इथल्या दारूच्या कारखान्यात गेटवर आहे. हो, त्याच. अश्वजितदादा गेला तिथंच. माजी सैनिक म्हणून लगेच घेतलं, हातात बंदूक दिली. आडनावावरून कुणी काही विचारलं नाही.

आलो होतो मालकाला मारायला. तो क्वचित येतो, म्हणून चार महिने थांबलो.

गेल्या गुरुवारी आला. गेटवर गाडीची काच खाली करून म्हणाला, "फौजी, गाव कोणतं?"

"जळकोट."

"आमच्याकडं होता एक जळकोटचा. पिऊन मळीच्या टाकीत पडला. तू पीत नाहीस ना?"

बंदूक भरलेली होती. बोट चापावर गेलं.

टाक्या साफ करणारा गुरुपादप्पा शेजारीच हजेरी लावत होता. उदगीरकडचा, कधी मान वर करून न बोलणारा. तो म्हणाला, "न्हाई मालक, पेलेला नव्हता. गॅसनं मीच पडलो होतो आत. मुकादम नको नको म्हणत होता, तरी अश्वजित उतरला. मला वर ढकललं अन् तोच राहिला."

मालक म्हणाला, "हाकला ह्याला."

मी गोळी झाडली असती तर गुरुपादप्पाचं बोलणं तिथंच संपलं असतं. बंदूक टेबलावर ठेवली. त्याला मोटारसायकलवर बसवून ठाण्यात नेलं. जबाब झाला, गुन्हा नोंदला. मालक अजून बाहेरच आहे. आमच्या दोघांच्या नोकऱ्या गेल्या. गुरुपादप्पा माझ्या खोलीवर राहतो, त्याला एकटं सोडत नाही.

आणखी एक. दादाच्या अंत्यविधीला सुट्टी मिळाली नाही असं कळवलं होतं. मिळाली होती. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, पिऊन पडला, आणि मी ते खरं मानलं. नंतर तुमचा फोन आला, तुम्ही रडत 'नाही, नाही' म्हणत होतात. मी फोन ठेवून दिला. इथं आलो तेव्हाही तेच मानत होतो. प्यालेला का होईना, चार तास त्याला वर काढलं नाही, एवढाच माझा राग होता.

आईला तुम्हीच सांगा. तुम्ही बोलावल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही.

तुमचा शब्द खरा न मानलेला तुमचा दीर,
सुगत