यादीतलं तिसरं नाव

माझ्या खाटेवर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन माझ्याच गल्लीचा गळा कापायचा होता, तर निदान चहा तरी नको म्हणायचंस. दोन चमचे साखर घातली होती मी, तुला गोड लागतो म्हणून. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं काही सुचायचं नाही.

प्रिय टिकले,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी चौथी नापास, अक्षर शाईत पडलेल्या मुंगीचं, तेव्हा सावकाश वाच. शिंपीमास्तर म्हणाले, आजी, फोन करा की. पण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस. पत्राला मीटिंग नसते.

प्रकृती बरी आहे, गुडघे सोडून. इस्त्रीचं काम बंद केलं. समोरच्या खोलीत आता दिवसभर नऊ पोरं असतात, बिस्किटाच्या कारखान्यातल्या बायकांची. त्या सकाळी सहाला जातात, नवरे त्याच्याही आधी. पूर्वी पोरांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावायच्या. मीच म्हटलं, आणा इकडे. मागच्या महिन्यात गवंड्याच्या धाकटीनं तापलेल्या इस्त्रीवर तळहात टेकवला. दवाखाना दोन बस बदलून, तोवर हात फुगून पाव झाला. तिची आई कामावरून आली, हात बघितला आणि उलट मलाच म्हणाली, आजी, तुम्ही घाबरून जाऊ नका. चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. इस्त्री माळ्यावर टाकली. खोली दहा बाय बारा, तिच्यात इस्त्री मावते नाहीतर पोरं.

या बायकांची अकरा कुटुंबं बाहेरून आपल्या गल्लीत राहायला आली तेव्हा सगळ्यात आधी मीच भांडले होते, तुला आठवत असेल. गल्लीला नळ एक, त्याची धार करंगळीएवढी, आणि त्यात यांच्या बादल्या. पुढं कळलं की मागं परत जायला त्यांना घरच उरलेलं नाही. मग भांडण कुणाशी करायचं? नंतर तो वहीवाला आला. गोड बोलून विचारून गेला, कोण नवीन, कधी आलात, किती जणं. महिन्याच्या आत, त्यातली चार कुटुंबं ज्या गोदामात राहायची त्याच्या मालकानं त्यांचं सामान रस्त्यावर काढलं; त्यांना मग गल्लीतच दाटीवाटीनं सामावून घेतलं. तेव्हापासून मी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं, कुणी वही काढली की एकच सांगायचं, आम्ही इथलेच, जुने. लहान पोरांकडून तर रोज म्हणवून घ्यायचे.

आणि मग वही घेऊन तू आलीस. ऑफिसचं कार्ड गळ्यात. दारोदार तेच ऐकलंस, आम्ही इथलेच, जुने. गवंड्याच्या थोरलीला तू स्वतः माझ्या खाटेवर बसून भागाकार शिकवला होतास, ते लोक कधी आले हे तुला महिन्यासकट ठाऊक. तरी तू हसलीस, म्हणालीस, आजी, तुझी शाळा भारी आहे गं, आणि वहीत बाहेरून आलेल्यांपुढं शून्य लिहिलंस. मी खुळी खूश झाले. वाटलं, नात आपली आहे, सगळं समजून गप्प बसली, वाचवलं आपल्याला. तू गेल्यावर नळावर चारचौघीत मिरवले मी.

परवा आपला प्लंबर कालव्यापलीकडच्या तुमच्या कॉलनीत नळ बसवून आला. नवा हॉल झालाय म्हणे, दोन मजली. खाली पाळणाघर, शेजारी दवाखान्याची खोली, वर वाचायची खोली. बाहेरून माणसं जिथं येऊन राहिली त्या वस्तीला सरकारनं तुझ्या त्याच मोजणीवरून दिलेला. भिंतीवर यादी आहे, तिचा फोटो आणला त्यानं, शिंपीमास्तरांनी मोठ्यानं वाचला. बाहेरून आलेली कुटुंबं एकेचाळीस. तिसरं नाव तुझं. कुठून आलीस गं तू? माझ्या गल्लीतून. तीन बसथांबे, टेम्पोत फ्रिज घालून. तुझं पोर त्या पाळणाघरात निळ्या घसरगुंडीवर खेळताना त्यानं पाहिलं.

खोटं मी शिकवलं, ते माझ्या पदरात, नाकारत नाही. पण तुला एकच वाक्य बोलायचं होतं. आजी, ही मोजणी हाकलायला नाही, द्यायला आहे. मी तिथल्या तिथं अकराही घरांना बाहेर बोलावलं असतं. तेवढं वाक्य तू चहाबरोबर गिळलंस. तुझी आई म्हणते, साहेबाचा दाब असेल पोरीवर. असेलही. शून्य साहेबानं लिहायला लावलं असेल, पण यादीत स्वतःचं नाव घालताना तुझा हात कुणी धरला नव्हता.

आता पत्र कशासाठी ते ऐक. आम्ही फेरमोजणीचा अर्ज केलाय, सोमवारी सुनावणी आहे. पहिली सही माझी. मी खोटं शिकवलं हे त्यात आहे, आणि मोजणारीला खरं ठाऊक होतं हेही आहे. तुझी नोकरी जाईल म्हणतात. गवंड्याची बायको दोनदा येऊन म्हणाली, आजी, तेवढं नातीचं गाळा. नाही गाळलं. ऑफिसातून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. सोमवारी माझ्याआधी तू उभी राहून सांगितलंस तर मला तोंड उघडायला लागणार नाही. नाहीतर मी उघडणार आहे. येतेस की नाही, तेवढं कळव.

तुझीच, ते काही कुणाला खोडता येत नाही,
आजी

ता. क. उत्तर तू लिहायचंस. आईनं नाही, जावईबापूंनी नाही, आणि ऑफिसच्या शिक्क्यानं तर नाहीच.